कडब्याचा पूल

लातूरहून नांदेडला एस.टी.नं जाताना मांडीवर पूल घेऊन बसणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळत नाही. शिंकायचं नाही. डुलकी घ्यायची नाही. अहमदपूरच्या स्टँडवर खिडकीशी शेंगावाला आला तरी हात काढायचा नाही. टॉवेलात गुंडाळलेलं ते गाठोडं मी असं काही छातीशी धरलं होतं, की कंडक्टरनं तिकीट देता देता आवाज हळू केला.

"लेकरू झोपलं का मावशी?"

"लेकरू न्हाई, पूल हाय."

तो पुढं गेला. चार सीटांनंतर परत आला, टॉवेलाचं टोक उचलून बघितलं आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मग ड्रायव्हरही आरशातून माझ्याकडे बघायला लागला. या वयात एवढं लक्ष माझ्याकडे कुणी दिलं नव्हतं.

पूल माझा नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नातीचा. तन्वी लातूरला तंत्रनिकेतनात शिकते आणि नांदेडच्या एका कॉलेजात पूल बांधायची स्पर्धा होती. आईस्क्रीमच्या काड्यांचा हातभर पूल. तिच्या आईला रजा नाही, बापाला रस नाही आणि अक्का आता नाही. तेव्हा "मावशीआजी रिकामीच असती" असं घरात एकमतानं ठरलं. मी सोबतीला म्हणून निघाले आणि लातूरच्या स्टँडवरच माझा हमाल झाला. तन्वी शेजारी बसून कानात वायरी घालून झोपली.

वाटेत चाकूर लागलं. आमचं गाव. मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. पूल सांभाळायचा होता ना.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या फेविकॉलचा वास आला. दोन टेबलांच्या मधल्या रिकाम्या जागेवर पूल आडवा ठेवायचा, त्याला खाली बादली टांगायची आणि बादलीत वाळू ओतत जायची. पूल मोडेपर्यंत. मोडला की वाळू तोलायची, तोच त्याचा निकाल. माइकवरचा पोरगा ओरडून ओरडून सांगत होता. पहिला पूल कुणा परभणीच्या पोरांचा होता. वाळू पडत राहिली, पडत राहिली, आणि 'कट्'.

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. पोरं तर एकमेकांच्या गळ्यात पडली. माझ्या तोंडून मात्र "शिवा शिवा" निघालं, आणि शेजारच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून दुसऱ्याच मंडपात येऊन बसले आहे.

तो आवाज लाकडाचा नव्हता. निदान मला तो लाकडाचा ऐकू आला नाही. वाळलेलं ज्वारीचं ताट गुडघ्यावर मोडलं की येतो, तो आवाज होता.

*

त्या वर्षी आमच्याकडे दोन गोष्टी नव्या होत्या. एक जिल्हा आणि एक दुष्काळ. दुष्काळ तसा जुनाच, पण दर खेपेला नव्यासारखा यायचा. जिल्हा मात्र खरंच कोवळा होता. लातूरला कचेऱ्या उघडल्या होत्या, जीपगाड्या धूळ उडवत चाकूरवरून जायच्या आणि माणसं म्हणायची, "जिल्हा आला." जसं काही गाडीच आली. आमच्या शाळेच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' खोडून पेंटरनं वर 'लातूर' लिहिलं होतं. पण रंग पातळ. ऊन तापलं की पापुद्रे सुटायचे आणि खालचा जुना जिल्हा हळूच वर यायचा. संध्याकाळी शाळेवरून जाताना मला त्या पाटीची भीती वाटायची. ज्याला पुसलंय तो आत बसून बघतोय, असं वाटायचं.

बाकी सगळं वासांनीच आठवतं. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास असे. आटलेल्या आडात डोकं घातलं तर गार, जुनाट, कपाट उघडल्यासारखा वास. अप्पांच्या आडत दुकानात तुरीच्या धुळीचा. अप्पा म्हणजे आमचे वडील. अंगानं भरभक्कम, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि दिवसभर काट्यासमोर मांडी घालून बसलेले. त्या वर्षी काट्यावर चढायला माल नव्हता. तरी ते रोज सकाळी काटा पुसायचे, पारडी झुलवायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत बघत बसायचे.

अक्का तेव्हा दहावी झालेली. महानंदा तिचं नाव. मी शैला, तिच्या मागून सातवीत. नाकी डोळी नीटस असं तिच्याबद्दल म्हणायचे आणि माझ्याबद्दल "हिला भूक चांगली लागती" असं म्हणायचे. भालकीकडच्या एका घरून तिला मागणी आली होती. तिला मात्र नांदेडला तंत्रनिकेतनात जायचं होतं. पूल आणि रस्ते शिकायला.

"पूल?" अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, हातातलं सूप खाली ठेवलं. "नद्या आटून गेल्या आन् ही पूल बांधती!"

खरं होतं ते. रोजगार हमीच्या कामावर सगळीकडे पूलच चालले होते. गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यावर बायामाणसं खडी फोडून राहिली होती आणि ज्या ओढ्यात चिमणीला प्यायला पाणी नाही, त्याच्यावर दगडी कमान उभी राहत होती. अक्का रोज ती बघायला जायची. मी तिच्यासोबत जायची, कारण तिथं एक म्हातारी फुटाणे विकायची.

तेवढ्यात नांदेडच्या त्या तंत्रनिकेतनातून शाळेला सांगावा आला. दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलामुलींसाठी छोटे पूल बांधायची स्पर्धा. हेडमास्तरांना वाटलं, नव्या जिल्ह्याचं नाक वर करायची हीच वेळ. त्यांनी अक्काला बोलावलं. आणि अक्कानं घरी येऊन अप्पांसमोर उभं राहून एका दमात सांगितलं, "अप्पा, माझा पहिला नंबर आला तर मला नांदेडला पाठवा. न्हाई आला तर भालकीला हाव म्हणा."

अव्वा कपाळावर हात मारून आत गेली. अप्पांनी काट्याकडे पाहिलं. मग ते हसले. "वजनाचा सौदा हाय. मला जमंल," ते म्हणाले. "पर सौदा म्हंजे सौदा. मागं सरायचं न्हाई."

"कोण सरतंय?" अक्का म्हणाली.

*

पूल कशाचा बांधायचा हे ज्यानं त्यानं ठरवायचं होतं. शहरातली पोरं बांबूच्या काड्या, पातळ फळ्या आणणार. आमच्याकडे काय होतं? कडबा. तोही मोजून मापून. गोठ्यात आमची देवणी गाय होती, गवरी. तिच्या पाठीची हाडं अशी वर आली होती की मी त्यावर पाढे म्हणायची.

"तिच्या तोंडातलं काढून खेळणं करती का गं?" अव्वा म्हणाली.

अक्का गवरीजवळ गेली, तिच्या गळ्याखालची पोळी खाजवली आणि तिलाच म्हणाली, "उसनं नेऊन राहिले. परत करीन."

पूल परसात, लिंबाखाली उभा राहिला. ज्वारीचं ताट ब्लेडनं उभं चिरायचं. वरची कडक साल वेगळी, आतलं पांढरं भेंड वेगळं. लहानपणी याच्याच बैलगाड्या करायचो आम्ही. सालीच्या टोकदार खुंट्या करायच्या आणि भेंडात टोचायच्या, म्हणजे सांधा धरतो. वरून बाभळीचा डिंक. तो करवंटीत भिजत घातलेला असे आणि त्याचा आंबूस वास अजूनही माझ्या नाकात आहे. डिंकाची जबाबदारी माझ्याकडे होती. ती मी इतकी मनापासून पार पाडली की तिसऱ्या दिवशी माझी वेणीच त्यात पडली, आणि अव्वानं कात्रीनं टोक कापून टाकलं. शाळेत मला पुढं बरेच दिवस 'डिंक्या' म्हणत.

अक्का बोलायची नाही. ओठात खुंटी धरलेली असायची. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ती पुढं जायची, आणि एका टोकाला बोटानं दाबलं की दुसरं टोक कुठं कुरकुरतं ते कान लावून ऐकायची. मीही कान लावायची. मला काही ऐकू यायचं नाही. दूरवर टँकरचा भोंगा, घागरींचा खडखडाट, बायांची भांडणं. आणि अक्काचा श्वास.

संध्याकाळी अप्पा दुकानातून आले की खाटेवर बसून बघायचे. काही दिवस नुसतं बघितलं. मग एकदा हळूच म्हणाले, "हे वरलं ताट जाड हाय. ह्याला इकडं घे."

"अप्पा, तुम्ही तुरीचं बघा," अक्का ओठातली खुंटी न काढता म्हणाली.

आणि अप्पांना ते इतकं आवडलं, की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. "मला म्हणती, तुरीचं बघा!"

निघायच्या सकाळी पुलाची पूजा झाली. आमच्याकडे नवा काटा आला तरी पूजा, नवा कुलूपकोयंडा आला तरी पूजा. अव्वानं हळदीकुंकू वाहिलं. अप्पांनी स्वतःच्या हातानं मधल्या कमानीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. अव्वा तांब्यातलं पाणी शिंपडणार, तेवढ्यात अक्का किंचाळली, "पाणी नको! डिंक सुटंल!" अव्वानं तांब्या तसाच ओवाळला आणि पाणी परत घागरीत ओतलं. देवाचंही भागलं आणि पाणीही वाचलं.

अक्कानं अव्वा-अप्पांना एक गोष्ट सांगितली नव्हती. पूल मोडेपर्यंत वजन टांगायचं असतं, ही. पूजा झालेली बघून तिला ते सांगवलं नाही, असं तिनं मला एस.टी.त कानात सांगितलं.

*

गोदावरीचा पूल आला तेव्हा अप्पा खिडकीतून वाकून बघत होते. खाली पाणी नव्हतं. लांबच लांब वाळू, आणि वाळूत खड्डे खणून बसलेल्या बाया. वाटीनं वाटीनं पाणी वर काढत होत्या. अप्पा पाण्याकडे बघत होते आणि अक्का पुलाच्या खांबांकडे. मग अप्पा अक्काकडे बघायला लागले. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला पाठवावं, असं त्यांच्या मनानं बहुतेक त्याच पुलावर घेतलं असावं. असं मला वाटतं. मला वाटून काय उपयोग म्हणा.

तिथल्या हॉलमध्ये लोखंडी वजनं होती, दुकानातल्यासारखी. ती बघून अप्पा खूश झाले. "ह्ये आपल्या ओळखीचं," म्हणाले. पहिला पूल मोडला तेव्हा त्यांना वाटलं, कच्चा होता बिचारा. दुसरा मोडला. तिसरा मोडला. दर वेळी 'कट्', आणि टाळ्या. अप्पांचे हात मांडीवर आवळले गेले. त्या सालात त्यांनी मोडलेलं पुष्कळ पाहिलं होतं. टाळ्या वाजवताना कुणाला पाहिलं नव्हतं.

अक्काचा पूल ठेवला. हळदीकुंकू आणि विभूती लावलेला कडब्याचा पूल बघून पोरं हसली. मग वजनं चढायला लागली आणि हसू थांबलं. इतरांचे जिथं मोडले होते, ते वजन आलं आणि गेलं. पुलानं हूं की चूं केलं नाही. परीक्षक खुर्ची पुढं ओढून बसले. अक्का भिंतीशी उभी, पदराचं टोक दातात. बांबूच्या ज्या पुलानं सगळ्यांत जास्त पेललं होतं, त्याच्या आकड्याजवळ वजन आलं. आणखी एक वजन. पूल किंचित खाली लवला, आणि हॉलमध्ये अगदी बारीक 'कुर्र' असा आवाज झाला. परसात मला जो कधी ऐकू आला नव्हता, तो तिथं ऐकू आला.

अप्पा उठले. एवढा जड माणूस, पण कुणाला कळायच्या आत टेबलापाशी. त्यांनी दोन्ही हात पुलाखाली घातले.

"बस करा."

"अहो काका, नियम आहे," परीक्षक म्हणाले. "मोडेपर्यंत वजन टाकायचं असतं."

"माझ्या दुकानात पारडं मोडंस्तोवर कुणी तोलत न्हाई, साहेब."

"काका, निकाल कसा लागणार मग?"

"पूजा केलेली वस्तू हाय. मोडायला न्हाई आणली."

अक्का धावत आली. "अप्पा, सोडा. मोडू द्या. मोडायलाच केलाय तो."

"येडी हाईस का?" ते म्हणाले. रागानं नाही. कडेवरच्या लेकराला म्हणावं तसं. "एवढ्या हातानं केला आन् मोडू देऊ व्हय मी?"

त्यांनी वजनं एकेक करून काढली, खाली नीट रचून ठेवली, आणि पूल उचलला. परीक्षकांनी अक्काच्या नावावर रेघ मारली. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी पूल मांडीवर घेऊन बसले होते. चढणाऱ्या उतरणाऱ्याला सांगत होते, "पोरीनं केलाय. सगळ्यांचे मोडले, हिचा मोडला न्हाई." त्यांचा आनंद इतका खरा होता की अक्काला रडताही येईना. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग करत राहिली. माझा खांदा ओला झाला होता. मी हलले नाही.

त्यानंतर घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. सौदा सौदाच राहिला एवढं खरं. नंबर आला नव्हता. भालकीकडची माणसं येऊन गेली, सुपारी फुटली, आणि पूल देवघराशेजारच्या कोनाड्यात बसला. अव्वा येताजाता त्याला हात जोडायची.

हळद लागायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेले तर अक्का गवरीसमोर बसलेली. पूल मांडीवर. ती एकेक खुंटी उपसून काढत होती, जशी घातली होती तशीच, आणि सुटलेलं ताट गवरीच्या तोंडाशी धरत होती.

"अक्का, मोडतीस?"

"सोडवून राहिले," ती म्हणाली. "मोडत न्हाई."

विभूती लागलेलं ताट तिनं पदरानं पुसलं आणि तेही दिलं. गवरी आधी डिंक चाटायची, मग चावायची. करकर, करकर. बाकी सगळं गाव उन्हानं गप्प झालेलं. तो आवाज संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

कोनाडा रिकामा झालेला अप्पांनी त्याच संध्याकाळी पाहिला. दिवा लावायला गेले होते. दिवा लावून बाहेर आले. विचारलं काही नाही.

*

"मावशीआजी! माझा नंबर! व्हिडिओ काढ ना!"

मी फोन धरला. नंतर कळलं की त्यात माझा अंगठा फार छान आलाय. तन्वीच्या पुलाखाली बादली टांगली, वाळू पडायला लागली, आणि मला त्या पुलाखाली दोन हात दिसले. हे मला नेहमीच होतं. कुठल्याही पुलावरून गाडी गेली की होतं. मांजरेवर होतं, गोदावरीवर होतं, सिमेंटच्या नव्या उड्डाणपुलावरही होतं. खाली कुणीतरी जाडजूड हात धरून उभं आहे आणि ते दमलेलं आहे. घरच्यांना सांगितलं तर म्हणाले, पित्त असंल.

तन्वीचा पूल मोडला. चांगलं वजन घेऊन मोडला. ती उड्या मारत होती. मला अक्काची इतकी आठवण झाली की मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

अक्कानं भालकीत संसार केला. चांगला केला. सासरच्यांबद्दल तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द मी ऐकला नाही, आणि पुलाबद्दल तर कुठलाच शब्द ऐकला नाही. एकदाच, तिच्याकडे मुक्कामाला गेले होते, भाकरी थापता थापता ती एकाएकी म्हणाली, "किती पेलला असता गं?" मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "भाकरी करपली." करपली होतीच.

अप्पा शेवटी शेवटी सगळं विसरत गेले. अव्वा गेलेली विसरले. दुकान विकलेलं विसरले. पाऊस पडत असला तरी दुष्काळच चालू आहे असं समजून तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायला लावायचे. आणि ज्याबद्दल जन्मभर विचारलं नव्हतं, ते विचारायला लागले.

"महानंदाचा पूल नीट ठेवला का?"

"ठेवलाय, अप्पा." मी दर वेळी सांगायची. मला वाटायचं, एवढ्यानं त्यांना बरं वाटेल. पण ते बेचैन व्हायचे. पलंगाच्या काठावर हात फिरवत राहायचे.

अक्का भेटायला आली ती दुपार मला आठवते. ती त्यांच्या पायाशी बसली होती. तिचेही केस पांढरे झालेले. अप्पांनी तिला ओळखलं की नाही देव जाणे, पण तिच्याकडे बघून म्हणाले, "पूल मोडला न्हाई अजून."

मी म्हणायला गेले, "न्हाई अप्पा, नीट हाय तो."

"तसं न्हाई गं," ते कळवळून म्हणाले. "मोडल्याबिगर निकाल कसा लागंल? पोरगी थांबून राहिली ना."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता.  अक्कानं त्यांच्या पावलांवर हात ठेवला.

"मोडला, अप्पा."

"कवा?"

"तुम्ही बाहेर चहाला गेलता ना, तवा."

अप्पा डोळे बारीक करून बघायला लागले. गिऱ्हाईक वजनात काही लपवतंय का, असं बघायचे तसे. "किती घेतलं?"

"तिथली वजनं संपली, अप्पा. मग बाजारातून आणली."

"खोटं."

"मग साहेबच लोंबकळले त्याला."

अप्पा हसले. किती दिवसांनी हसले! खोकला येईपर्यंत हसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते उशीला टेकले आणि त्यांच्या अंगातलं काहीतरी सैल झालेलं मला दिसलं.

"मग पहिला नंबर?"

"हाव."

"सौदा म्हंजे सौदा," ते म्हणाले. "भालकीवाल्यांना कळवा कुणीतरी. म्हणावं, राग मानू नका. पोरगी नांदेडला शिकायला चालली."

अक्का भालकीवाल्यांची थोरली सून. नातवंडांची आजी. हातातल्या बांगड्या मागं सारत ती उठली, त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"कळवते, अप्पा," ती म्हणाली. "मीच जाऊन सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती भालकीला गेली.